गोझोची शेवटची पंचवीस मिनिटं

बोटअंकलना नुसतं "जेवलात का?" विचारलं तरी ते गोझोला कसं जायचं हे सांगत. "टोरांटोहून रोम, रोमहून माल्टा. विमानतळावरून बस धरायची, पार वरच्या टोकापर्यंत. तिथून बोट, पंचवीस मिनिटं. गोझोला पूल नाही, विमान उतरत नाही. बोट बंद तर सगळंच बंद!" नॉर्थ यॉर्कच्या आमच्या कॉन्डोच्या लिफ्टमध्ये हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

अंकल वसईचे कॅथलिक, उभा जन्म जहाजाच्या इंजिनात गेलेला. त्यांचा एकुलता एक जोएल गोझोला लोकांना पाण्याखाली पोहायला शिकवायचा. तिथेच बुडाला, तिथेच पुरला. आंटी डायलिसिसवर, म्हणून अंकलना मातीलाही जाता आलं नाही. वसईत दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, प्रत्येक थडग्यावर मेणबत्ती लागते. "माझ्या पोराचंच तेवढं अंधारात," असं म्हणत ते रोज फोनवर बोट चालू आहे का ते बघत. आंटींनाही बघायला शिकवलं होतं.

"समुद्र मध्ये असला की एक दिवस जादा ठेवायचा," हा त्यांचाच कायदा. पण शेवटी दोन तारखेला मेणबत्ती लावायला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी परतीचं तिकीट तीन तारखेचं काढलं. आंटींना डायलिसिसला मी नेणार होतो, तरीही! मी चिडलोच. "अंकल, जादा दिवस कुठाय?"

"तिला जास्त दिवस सोडवत नाही रे."

परतल्यावर विमानतळावरून येताना ते गाडीत म्हणाले, "वारा सुटला होता. बोटी बंद. दिवसभर धक्क्यावर उभा होतो. समोर बेट दिसत होतं रे, चर्चचा मनोरासुद्धा." मग थोड्या वेळाने, "आंटीला सांगू नकोस."

घरात शिरताच आंटींनी विचारलं, "लावली?"

"लावली. छान जळली."

"बरं झालं," म्हणून आंटी चहा ठेवायला उठल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या हिवाळ्यात अंकल गेले. त्यांचे कपडे चर्चला द्यायचे म्हणून आंटींनी मला बोलावलं. जाड कोटाच्या खिशात मेणबत्ती निघाली, वात पांढरीशुभ्र. मी घाईने मूठ मिटली.

"राहू दे बाबा," आंटी म्हणाल्या. "त्या दिवशी मी फोनवर पाहिलं होतं, बोटी बंद होत्या. पण 'लावली' म्हणताना यांच्या तोंडाकडे बघवेना. म्हणून म्हटलं, बरं झालं."