पहिल्या रांगेतले सोफे

कबड्डी बघायची ती जमिनीवर बसून, रेषेला पाय लागेल इतक्या जवळून, ही आमच्या भातकुलीकडची रीत. सकाळी जाऊन चादर अंथरली की जागा आपली. मग तिला कोणी हात लावत नाही.

अकोल्यातही तसंच असेल, असं आईनं धरलं. फायनलला माझी धाकटी बहीण खेळणार होती, आणि आईनं तिला आजवर एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. सामने नेहमी दूर, आणि मजुरी सोडून जाणार कशी? या वेळी मात्र ती हट्टानं निघाली. आम्ही सकाळीच मधल्या रेषेसमोर चादर अंथरली, भाकरी खाल्ली आणि बसून राहिलो.

दुपारी टेम्पोतून सोफे उतरले. लाल मखमली, लग्नात नवरा-नवरीला बसवतात तसले. मागोमाग एक स्वयंसेवक आला.

"मावशी, इथं पासवाले बसतीन. तुमी मांगं जा."

"भाऊ, माही पोरगी खेयून राह्यली आज," आई म्हणाली.

"सगळ्यायच्याच पोरी खेयून राह्यल्या. उठा."

पासची किंमत विचारली, तर आईची आठवड्याची मजुरी. माझं डोकंच फिरलं. "हे मैदान काय तुह्या बापाचं हाये?" मी ओरडले. आईनंच मला दंडाला धरून मागे नेलं. पोरीच्या दिवशी तमाशा नको, म्हणाली.

मागे बांबूच्या बल्ल्या, आणि पुढे सोफ्यांच्या पाठी. सोफ्यांच्या आणि आमच्या मध्ये मोबाइल उंच धरून उभे असलेले लोक. जागा आम्ही धरली आणि हे आयत्या बिळावर नागोबा! बरं, बसावं तरी. अर्धे सोफे रिकामेच. एक साहेब मैदानाकडे पाठ करून काजू खात फोनवर बोलत होते. रिकाम्या सोफ्यालाही आमच्यापेक्षा जास्त मान. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटची चढाई धाकटीची होती. आई टाचा उंचावून मान लांबवत होती. एकदम गलका उठला. "तिनंच केलं काय वं?" आईनं विचारलं. तेवढ्यात भोंग्यावर धाकटीचा नंबर पुकारला.

घामानं निथळत, गुडघे सोलवटलेली धाकटी धावत आली. "आई, शेवटची चढाई पाह्यली ना?"

"पाह्यली तं! सगळी पाह्यली."

"मंग सांग, किती जनीले मारून आली मी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मीही काहीच पाहिलं नव्हतं.