अप्पांच्या रेडिओची बॅटरी

जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या हातून रेडिओ कमी आणि किस्सेच जास्त तयार होतात! औरंगपुऱ्यात रफीकभाईंच्या दुकानात दर रविवारी आमचं टोळकं जमतं. रफीकभाई, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून रिटायर झालेले जोशी सर आणि मी. तिघांनाही स्वस्थ बसणं माहीत नाही. चहा येईपर्यंत कुणीतरी काहीतरी उघडून ठेवलेलंच असतं.

अशात एकदा मूळचा लासूर स्टेशनचा देशमुख आला, बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, रेडिओ काखोटीला मारून. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर, गावात वीज नव्हती तेव्हा, त्याच्या वडिलांनी तो हौसेनं घेतलेला. नव्वदी ओलांडलेले हे अप्पा आता देशमुखकडे, इथं शहरात मुकुंदवाडीत अंथरुणावर होते. कित्येक महिन्यांत एक शब्द बोलले नव्हते.

"ह्यो वाजला तर बोलतील बगा," देशमुख म्हणाला. "पन लवकर करा."

लवकर करा, हे आम्हाला सांगायला नको होतं!

* * *

असल्या रेडिओला दोन बॅटऱ्या लागतात. व्हॉल्व्ह तापवायला दीड व्होल्टची आणि त्याशिवाय एक नव्वद व्होल्टची. ही मोठी आता औषधालाही मिळत नाही. सर म्हणाले, नऊ व्होल्टचे दहा चौकोनी सेल एकाला एक जोडू.

हे सेल कॉर्डलेस माईकला लागतात. सेल आणायला गेलेल्या देशमुखला दुकानदारानं विचारलं, "दहा माईक? लगीन कुनाचं हाय एवढं मोठं?"

देशमुख घाईत होता. म्हणाला, "अप्पाचं!"

* * *

सेल चांगला आहे की नाही, हे आमच्यात जिभेला लावून बघतात. चुरचुरला की पास. आम्ही तिघांनी सगळे सेल चाटून पास केले आणि जोडले. देशमुखला वाटलं, आता आपली पाळी. जीभ बाहेर काढून तो थेट नव्वद व्होल्टवर वाकला! मी कॉलर धरून त्याला मागं खेचला.

"तुमी समद्यांनी चाटलं की!" तो चिडून म्हणाला.

रफीकभाई म्हणाले, "हमने एक-एक चाटा, देशमुखसाब. पूरी बारात नहीं!"

* * *

एवढं करून सरांना ती सेलची माळ पसंत पडेना. त्यांनी मोबाईलच्या चार्जरवर चालणारा सर्किटचा डबा बनवला. रेडिओ लावला तर नुसती घरघर. एलईडी दिव्यांमुळे असेल म्हणून सरांनी दुकानातले दिवे बंद करायला लावले, मग शेजारच्या टेलरचे. घरघर तशीच.

"स्टेशन लागलंय," सर हट्टानं म्हणाले, "कार्यक्रमच खराब आहे!"

"सर, ये तो आपका चार्जर गा रहा है!" रफीकभाई म्हणाले.

* * *

मुकाट्यानं परत सेल घेतले. सरांना धीर कुठला! घाईत त्यांनी दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरींची अदलाबदल केली; दीड व्होल्टच्या जागी नव्वद गेले. या रेडिओचे व्हॉल्व्ह एरवी पेटलेले कळतही नाहीत. त्या दिवशी चारही लख्ख उजळले.

देशमुखनं टाळी वाजवली, "लागला! लागला!"

चारही जळाले होते. रफीकभाईंनी गुपचूप वायरी सोडवल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी आपल्या लाडक्या रेडिओतले चार व्हॉल्व्ह काढून आणले.

* * *

मुकुंदवाडीला गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. रेडिओ अप्पांच्या उशाशी ठेवला. वायरी या वेळी रफीकभाईंनी लावल्या. सरांना आम्ही खोलीच्या दारातच उभं केलं होतं. आधी खरखर झाली, मग एक गाणं सुरू झालं. खणखणीत!

अप्पांनी डोळे उघडले. रेडिओकडे पाहिलं, मग देशमुखकडे. त्यांचे ओठ हलले. देशमुख खाली वाकला.

"बंद कर ते!" अप्पा म्हणाले. "गान्याला बॅटरी जाळतो व्हय? बातम्यालाच लावायचा."

देशमुखनं बटण बंद केलं. त्याचे डोळे भरून वाहत होते.

सर दारातून म्हणाले, "अप्पा, आता बॅटरी पाहिजे तेवढी मिळते हो!"

अप्पांनी मान वळवून त्यांना नीट न्याहाळलं.

"लासूरला शहरातून रेल्वेनं कोन आननार, तू? बातम्या सातला हाईत. तवर गप बसा."

आम्ही बसलो.