पडल्या-पडल्या सावधान

खणखणीत आवाज काढायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवणार तरी कोण? शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डात तिची सहा वर्षं गेली होती, आणि तिथे मोठ्याने बोलणाऱ्या नर्सला पेशंट आणि डॉक्टर दोघंही मनातून शिव्या घालतात. वॉर्डात तिला सगळे सिस्टर म्हणत, घरी थोरली म्हणत, आणि दोन्हीकडे तिची बोलायची तऱ्हा एकच होती. कूस बदला हं. थोडं टोचेल हं. झालं हं, संपलंच. त्या एका ‘हं’च्या जोरावर तिने भल्याभल्या आडमुठ्यांना गोळ्या गिळायला लावल्या होत्या.

मग कुठून कोण जाणे, सैन्यात जायचं तिच्या डोक्यात बसलं. त्या वर्षी अर्ज केला नसता तर पुढच्या वर्षी ती वयातच बसली नसती, म्हणून कोणाला विचारत न बसता तिने करून टाकला. धाकट्या भावाने कपाळाला हात लावला. पक्की नोकरी सोडून कवायत करायला निघालेली बाई त्याने जन्मात पाहिली नव्हती, आणि हे तो तिला उठता-बसता ऐकवत राहिला. आईचं तंत्रच वेगळं. तिने आधी अबोला धरला आणि मग एका सकाळी उठून सगळ्या आळीत सांगून आली की आमची थोरली अधिकारी होणार. शेवटच्या परेडला मुलीच्या खांद्यावर तारे आईच लावते हे कळल्यावर तर तिने नव्या चपला आणून कपाटात ठेवल्या. आता मागे फिरायची सोयच उरली नाही.

निवड होऊन ती छावणीतल्या प्रशिक्षण शाळेत आली, पण तिथे नर्सिंग कोणी शिकवत नव्हतं. ते येतं म्हणूनच तर घेतलं होतं. तिथे शिकवत होते अधिकारी व्हायला. चालायचं कसं, उभं राहायचं कसं, सलाम कोणाला करायचा आणि कोणाचा नुसता घ्यायचा. पहिल्या आठवड्यात तिने भोजनगृहाच्या दारावरच्या वाढप्याला कडक सलाम ठोकला, कारण सगळ्या छावणीत त्याच्याच कोटाची बटणं जास्त चमकत होती. त्या बिचाऱ्याच्या हातातली बशी पडायची बाकी राहिली.

पण खरं घोडं अडलं ते आदेश देण्यापाशी. प्रत्येकीने आळीपाळीने बरोबरीच्या मुलींची तुकडी मैदानावर चालवून दाखवायची होती. शिकवायला कवायत मास्तर होते. मान ताठ, गुडघे दुखरे आणि तोंड तिखट. सगळ्याजणी पुढे अधिकारी होणार, म्हणून रागवतानाही ते मॅडम म्हणून रागवत. “मॅडम, तुम्ही चालताय की भाजी आणायला निघालाय?” असलं काहीतरी.

तिची पाळी आली. “सावधान” तिने कसंबसं ओरडून म्हटलं आणि सवयीने पुढे जोडलं, “हं.” तुकडीत खसखस पिकली. तिने तुकडी पुढे काढली, तीही बरी निघाली. पण थांबवायची वेळ आली तेव्हा तिच्या घशातून जे बाहेर पडलं, ते “थांबा हं” पहिल्या ओळीपर्यंतसुद्धा पोचलं नाही. तुकडी आपली सरळ चालत मैदान ओलांडून मुख्य अधिकारी बाईंच्या फुलांच्या वाफ्यात शिरली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं हंबाई.

मुख्य अधिकारी बाईंनी वाफ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की दोन परीक्षा राहिल्या आहेत, एक आदेशाची आणि दुसरी लष्करी रुग्णालयातल्या फेरीची. दोन्हींत पास झाली तर तारे. एकीत जरी अडली तर मागच्या तुकडीत, म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि तिथेही अडली तर सामान बांधायचं. घरी जाऊन भावाला तोंड दाखवण्यापेक्षा फुलांच्या वाफ्यात पुरून घेतलेलं बरं, असं हंबाईला खरोखरच वाटलं.

मग ती हात धुऊन आवाजाच्या मागे लागली. चादरी-उशांच्या कोठीत दार लावून घ्यायची आणि गाद्यांच्या चळतींना सावधान करायची. घसा बसला, तरी सोडलं नाही. मास्तर एकदा दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. आत येऊन त्यांनी तिची चूक सांगितली. त्यांचं म्हणणं, आवाज लहान नाहीच. तुम्ही आदेश देता तेव्हा समोरच्याला जमेल का, हे मनात विचारता, आणि ते ऐकू येतं. विचारायचं नाही. तो करणारच आहे असं धरून चालायचं.

हे तिला पटलं, आणि जमलंसुद्धा. परीक्षेच्या दिवशी तिचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला. तुकडी एकसाथ वळली, एकसाथ थांबली. मास्तर मिशीतल्या मिशीत हसले, हे सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी तिने आईला फोन केला. आई म्हणाली, अगं हळू बोल, मी काही बहिरी झालेली नाही. हंबाई फुशारकीने हसली. तिला तो आवाज फार आवडायला लागला होता, खोटं कशाला सांगा.

राहिली फेरीची परीक्षा. ती घ्यायला मेट्रन. सैन्यात केस पांढरे झालेली बाई, बोलणं मोजकं, हात सतत कामात. मुलींना एकेक वॉर्ड दिला होता. सकाळची फेरी घ्यायची, पेशंटची विचारपूस करायची आणि मेट्रनना तोंडी सांगायचं, एवढंच. हंबाईच्या मनात आलं, हे तर माझं रोजचंच.

तिला मिळाला हाडं मोडलेल्यांचा वॉर्ड. परीक्षा म्हणून जवानांनी पहाटेच खाटा अशा काही नीट केल्या होत्या की ब्लँकेटवर एक सुरकुती दिसेल तर शपथ. त्या रुग्णालयाचा एक रिवाज होता. अधिकारी वॉर्डात शिरला की पेशंटनी पडल्या-पडल्या सावधान व्हायचं. हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर, नजर छताला. हंबाई दारात आली आणि सगळा वॉर्ड खाटेवर ताठ झाला. सहा वर्षांत तिच्यासाठी कोणी असं काही केलं नव्हतं. तिलाही बरं वाटलं.

ती खाटेमागून खाट पुढे गेली. “काही त्रास?” तिने कमावलेल्या आवाजात विचारायचं आणि खाटेवरून तसंच खणखणीत उत्तर यायचं, “नाही, मॅडम!” खिडकीपाशी एक कोवळा रिक्रूट होता. कवायतीत खड्ड्यात पडून नडगी मोडलेली, आदल्याच दिवशी मांडीपर्यंत प्लास्टर घातलेलं. त्याने तर सगळ्यांपेक्षा मोठ्याने सांगितलं की त्रास नाही. ब्लँकेट पायांच्या बोटांवरून ताणून गादीखाली खोचलं होतं. ते उचकटलं तर घडी मोडली असती. हंबाई पुढे सरकली.

“वॉर्ड ठीक आहे, मॅडम.” तिने मेट्रनना सांगितलं. मेट्रननी मान डोलावली.

दुपारी मेट्रन आपल्या रीतीने त्याच वॉर्डात गेल्या आणि तिथूनच हंबाईला निरोप आला. ती पोचली तेव्हा ब्लँकेट जमिनीवर होतं. रिक्रूटच्या पायाची बोटं सुजून निळी पडली होती. मेट्रननी अंगठ्याचं नख दाबून सोडलं. ते पांढरं झालं आणि तसंच राहिलं, रक्त पोचतच नव्हतं. आत पाय सुजला होता आणि प्लास्टर त्याला आवळत होतं. असे पाय हंबाईने आधी पाहिले होते. उशीर झाला की काय होतं तेही पाहिलं होतं. कोणी सांगायच्या आत तिने प्लास्टर कापायचं मशीन आणलं. डॉक्टरांनी प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरून उघडलं, आतला कापूसही कापला, आणि बऱ्याच वेळाने, फार बऱ्याच वेळाने, बोटांवर थोडा रंग आला. पाय वाचला. आणखी थोडा वेळ गेला असता तर, एवढंच म्हणून डॉक्टर हात धुवायला निघून गेले.

मेट्रन हंबाईकडे वळल्या. “सकाळी बोटं बघितली होतीस?”

तिने तोंड उघडायच्या आधीच रिक्रूट बोलला. घामाने भिजलेला, ओठ पांढरे पडलेले, पण हात परत मांड्यांना चिकटवून. “बघितली होती, मॅडम. दाबून बघितली. तेव्हा बरी होती.”

त्या पोराला कोणी काही शिकवलं नव्हतं. आपल्या अधिकाऱ्याला सांभाळायचं, एवढं तो कुठूनतरी उचलून आला होता. आता हंबाईने नुसतं गप्प राहायचं होतं. सूज नंतर चढली म्हणायचं, झालं. तारे खांद्यावर, आई नव्या चपलांत, भाऊ गपगार.

“नाही, मॅडम,” ती म्हणाली. “मी ब्लँकेटसुद्धा उचललं नाही. तो नाही म्हणाला आणि मी ते धरून चालले.”

मेट्रननी रिक्रूटला विचारलं, मग दुखत असताना ‘नाही’ असं का म्हणालास. तो गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नसावा.

“पण त्यांनी ज्या आवाजात विचारलं,” तो म्हणाला, “त्याला ‘नाही, मॅडम’च म्हणतात ना?”

वॉर्डात कोणी हसलं नाही. मेट्रन रागावल्याही नाहीत. हंबाईला वाटलं, रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी सरळ सांगितलं की ती नापास आहे, मागच्या तुकडीत जाईल, आणि तोवर याच वॉर्डात काम करेल.

आईला फोन करणं सगळ्यांत जड गेलं. आईने सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, की पोराचा पाय चालेल ना. चालेल म्हटल्यावर म्हणाली, मग ठीक आहे, आणि फोन भावाकडे न देता ठेवून दिला. हंबाई फोनच्या खोलीतच भिंतीला टेकून रडली, मग तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात आली ती साध्या एप्रनमध्ये. बरोबरीच्या मुली मैदानावर शेवटच्या परेडचा सराव करत होत्या, आणि त्यांचे आदेश खिडकीतून आत येत होते. तिला पाहून रिक्रूट ताठ व्हायला लागला. ती खाटेशेजारी स्टूल ओढून बसली. ब्लँकेट बाजूला केलं, एकेक बोट हातात घेऊन पाहिलं, नख दाबलं, सोडलं. लाली परत आली. बोटंही गरम होती.

मग तिने आपल्या जुन्या, हळू आवाजात विचारलं, दुखतंय का.

तो सवयीने ‘नाही’ म्हणणार होता. ओठ तसे हललेसुद्धा. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या खांद्यांकडे पाहिलं, आणि वर धरलेली हनुवटी खाली आली.

“खूप दुखतंय,” तो म्हणाला. “कालपासून खूप दुखतंय हो.”

आणि तो रडायला लागला. हंबाई उठली नाही. कुठे, कसं आणि केव्हापासून, हे तिने त्याला सगळं सांगू दिलं.