एक पट्टी खाली

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात माझं बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं दुकान आहे आणि सोमवारी महादेवाच्या देवळात भजनाला मी पेटी वाजवतो. दोन्हींत मी काही थोर नाही. पण त्या मुलीमुळे काही वर्षं लोक मला ओळखायला लागले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

ती आमच्याच भजनात आईला टेकून बसायची आणि गायची. दहा वर्षांची असताना टीव्हीवरच्या स्पर्धेत तिनं एक भजन काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सूर धरून, असं काही चढवलं की निलंग्यापासून नांदेडपर्यंत तिचे फलक लागले. वडिलांनी झेरॉक्सचं दुकान बंद केलं आणि तिचे कार्यक्रम घ्यायला लागले. साथीला मी.

लोकांना तेच भजन हवं असायचं आणि टीव्हीवर ऐकलं तसंच. फलकावरचा फोटो दहा वर्षांच्या मुलीचा राहिला आणि मुलगी चौदाची झाली. तरी स्टेजवर परकर-पोलकं, दोन वेण्या, लाल रिबिनी. शाळा परीक्षेपुरती, त्यामुळे मैत्रिणी उरल्या नव्हत्या. कार्यक्रम संपला की बायका तिचे गाल ओढायच्या. मग ती गाडीत जाऊन काच वर करायची आणि माझ्याशी काहीबाही बोलत बसायची. बहुतेक पेटीबद्दलच.

त्याच सुमारास तिचा आवाज उतरला. मुलींचाही थोडा उतरतो. पण वडिलांना सुरातलं काही कळत नव्हतं. ते माझ्या बोटांकडे बघायचे. बोट पाचव्या काळीवर दिसलं की त्यांचं समाधान. लातूरजवळच्या मुरुडच्या कार्यक्रमाआधी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, पट्टी उतरवा ना. गळा लई दुखायलाय."

माझी पेटी स्केल चेंजर. त्यात वरच्या सगळ्या पट्ट्या एकदम सरकवता येतात. मधली पांढरी धरून दोन खाचा डावीकडे सरकवल्या की बोट तिथंच, सूर मात्र एक काळी खालचा, काळी चारचा. मी सरकवल्या. तबलेवाल्यानं मुकाट्यानं तबला उतरवला. त्या दिवशी ती इतकी मोकळी गायली की मलाच गहिवरून आलं. वडील खूश, लोकही खूश.

सहा-सात महिने आम्ही असंच निभावलं. त्यांना बनवतोय याची मला गंमत वाटायची. खरं तर पोरगी मोठी झाली, एवढं सरळ त्यांच्या तोंडावर सांगायला हवं होतं. तेवढी छाती नव्हती. माणूस तापट, आणि दुसरा पेटीवाला त्यांना एका फोनवर मिळाला असता.

नांदेडच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आयोजकांचा मला फोन आला. टीव्हीवरचंच काळी पाचमधलं रेकॉर्ड केलेलं संगीत मागे वाजवणार होते, तेव्हा पेटी मूळ पट्टीत ठेवा म्हणाले. दिवसभर मी दुकानात बारदानाच्या थप्प्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. तिच्या वडिलांना सांगावं तर सगळं उघडं पडणार. संध्याकाळी पट्ट्या पुन्हा उजवीकडे सरकवल्या आणि पेटीचं झाकण लावलं. तिलासुद्धा सांगितलं नाही.

स्टेजमागे मी सा दिला. तिनं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि सा लावला. मला वाटलं, निभावेल. स्टेजवर वरच्या पंचमाला आवाज फाटला. तिनं पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मागचं संगीत आपलं चालूच. समोर एकेक मोबाईल वर झाला.

व्हिडिओचा तो तुकडा गावोगाव फिरला. तिनं गाणं सोडलं ते सोडलंच. घरी आल्यावर मी पट्ट्या परत डावीकडे सरकवल्या. त्या आजही तशाच आहेत.

यंदा लातूरला डोळे दाखवायला गेलो तर दवाखान्यात नर्सच्या कपड्यांत ती उभी. चांगली उंच झालेली, वेणी एकच. तिनं माझ्या डोळ्यांत औषध घातलं आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. मिटल्या डोळ्यांनी मला बोलता आलं. नांदेडच्या आदल्या दिवशी फोन आला होता, मला सगळं माहीत होतं, मी भ्यालो, असं सांगून टाकलं.

"हाव," ती म्हणाली. "तुम्ही सा दिला तवाच समजलं."

"मग तवा बोलली का न्हाईस?"

"बाबांनी तुम्हाला काढलं असतं. मला बोलायला दुसरं कोण होतं, काका?"

तिनं कापसानं माझे डोळे पुसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तिनं मला राखलं होतं. आणि नांदेडनंतर मी तिच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.