पिवळ्या पुडीचं पिंप

सांगलीच्या हळदपेठेत मी काटा धरायचो. तिथं किस्से धुळीसारखे साचतात, झटकले तरी अंगावर राहतात. आईची शपथ, अक्षर न् अक्षर खरं आहे! म्हणजे, थोडं इकडं-तिकडं होणारच. तोलताना तरी आम्ही कुठं एवढे काटेकोर होतो?

*

लढाईचे दिवस. चकाकत्या हळदीला गिऱ्हाईक फार. आमचे मालक बापूशेठ हळकुंडं पिंपात घालून वर डब्यातली केमिकलची पिवळी पूड मारायला लावत. ती एवढी उडायची की शेजारच्या किराणावाल्याचा पांढरा कोंबडा आठवड्यात पिवळाधमक!

किराणावाला म्हणाला, "शेठ, आता ह्याचाबी लिलाव करा!"

*

लिलावात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. कवठे महांकाळचा एक व्यापारी दुसऱ्या दिवशी तणतणत आला. "शेठ, बोटांचा रंग धुऊन जाईना! बायकोनं दारातच अडवलं. म्हणाली, कुणाच्या हळदीला गेला हुतासा? आमाला आवतान न्हाई?"

*

पिंप फिरवायला चंद्रा होती. दोनदा दिवस गेले, दोनदा चौथ्या महिन्यात पोट पडलं. तिच्या आधी पिंपावर असलेल्या, आता हळद निवडणाऱ्या पारूचंही तेच. पेठ म्हणाली, नजर लागली! मालकांनी लगेच पिंपालाच लिंबू-मिरची बांधली.

दुसऱ्या दिवशी मिरच्याही पिवळ्या!

*

बायका कुरकुरल्या, तेव्हा मालक म्हणाले, "पूड औषधी हाय. चेहरा उजळतोय."

पारू म्हणाली, "मग शेठाणीबाईंना लावा की!"

"ती गोरीच हाय!"

*

चंद्राला तिसऱ्यांदा दिवस गेले. गजरामावशी म्हणजे पेठेतली सुईण. तिला घेऊन चंद्रा मालकांपुढं उभी राहिली.

"मालक, मला पोती शिवायला बसवा. ह्ये तरी जगू द्या."

"अगं, तुझ्यावाणी रंग कुणाला जमत न्हाई! आन् पुडीनं काय हुतंय? खाल्ली तरी पचती!"

मावशीनं वाद घातला नाही. ओंजळभर पूड घेतली आणि दुकानामागं मालकांच्या म्हशीपुढं आंबोणाची पाटी होती, तिकडं निघाली.

मालक गादीवरून अनवाणी धावले. "आवं मावशी! काय करताय? गाभण हाय ती!"



चंद्रा कुणाला न विचारता दाभण घेऊन पोत्यांपाशी जाऊन बसली. आणि मालकांनी शरमेनं पिंप कायमचं बंद केलं.

पिंप बंद केल्याचं मी रचलं. त्यांनी म्हैस तिथनं हलवली.