माझ्या माणसासाठी दुसरीचा नवस

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. अनुभव लिहिणारी माणसं आपण किती श्रद्धेनं देवळात गेलो तिथून सुरुवात करतात. मी तशी गेलेच नव्हते. मी भैरवनाथाशी भांडायला गेले होते, आणि भांडणाचं कारण माझा नवरा होता.

हे फौजेत होते. लग्नानंतरचा सगळा उमेदीचा काळ मी यवतजवळच्या आमच्या गावी सासू-सासरे, दोन मुली आणि शेवंतीचा मळा सांभाळण्यात काढला. एकदा सीमेवरून कितीतरी दिवस यांचा फोन आला नाही. टीव्हीवर नको ते दाखवत होते. तेव्हा मी नदीपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या भैरवनाथाला नवस बोलले. हा माणूस सुखरूप घरी येऊ दे, आम्ही दोघं गाठ बांधून जोडीनं तुझा अभिषेक करू. देवानं ऐकलं. हे सुभेदार होऊन, पेन्शन घेऊन धडधाकट घरी आले. तोफांच्या आवाजानं डावा कान तेवढा अधू झाला होता. मला वाटलं, चला, आता हा माणूस माझा.

कसला माझा! गावानं पहिल्या आठवड्यातच ताबा घेतला. पहाटे भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना पळवायला मेजर. बांधावरून दोन भाऊ हमरीतुमरीवर आले की मेजर. कुणाच्या आईला पुण्याला दवाखान्यात न्यायचंय, बोलवा मेजरला. आमच्याकडे फौजेतून आलेला कुणीही मेजरच, आणि या मेजरांना नाही म्हणता येत नाही. जेवायला बसले की फोन, ताट झाकून ठेवायचं काम माझं. लोक मला म्हणायचे, 'वहिनी, देवमाणूस हाय तुमचा मालक.' मी हसून मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, तुमच्या घरी ठेवून घ्या मग. गावातल्या म्हाताऱ्या बायका यांच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडायच्या, तेही मला सहन होत नसे. सवत असती तर निदान तिच्या झिंज्या धरून भांडता आलं असतं. इथे अख्खं गावच सवत होऊन बसलेलं.

नवस मात्र तसाच राहिला. दिवस ठरवावा आणि काहीतरी आडवं यावं. एकदा तर माझ्या भाचीच्या साखरपुड्याला जाऊन येताना अभिषेक करायचा ठरलं. मी माहेरी पुढे गेले, हे मागून येणार होते. आले ते जेवणाच्या पंगती उठल्यावर, शर्टावर कुणाचं तरी रक्त. हायवेवर एक म्हातारा पडला होता म्हणे. सगळ्या पाहुण्यांसमोर मी हसले, पण त्यानंतर कितीतरी दिवस यांच्याशी धड बोलले नाही. देव रागावेल, नवस फिटत नाही, याची भीती एकीकडे. दुसरीकडे असंही वाटायचं, की देवानंच मला फसवलं. मी माझ्यासाठी मागितलेला माणूस त्यानं सगळ्यांना वाटून टाकला.

शेवटी एका रविवारी जमलं. दोघांचा उपवास, यांच्या खांद्यावर नवं उपरणं, मी लग्नातला शालू नेसलेली. गुरवानं माझ्या पदराला यांच्या उपरण्याची गाठ मारली. देवापुढे पाटावर बसलो आणि खिशात फोन वाजला. मी डोळ्यांनीच सांगितलं, घेऊ नका. यांनी घेतला. आमच्या गावातली सुनीता बाळंतपणाला दवाखान्यात होती. रक्तस्राव थांबत नव्हता, आणि तिचा रक्तगट सहसा मिळत नाही असा. यांचा तोच आहे, हे सगळ्या गावाला पाठ.

हे माझ्याकडे बघत राहिले. 'जाऊ का?' असं विचारायचा यांचा स्वभाव नाही, पण त्या दिवशी विचारलं. मी काय म्हणणार होते? बाळंतपणात बाई तिकडे अडलेली. मी 'जा' म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले तो माझा मलाच आवडला नाही. यांनी खांद्यावरचं उपरणं गाठीसकट अलगद माझ्या मांडीवर ठेवलं आणि निघून गेले.

गुरव माझ्या माहेरचाच, मला आक्का म्हणतो. तो म्हणाला, 'आक्का, दाजी न्हाईत तर कमरेला सुपारी लावा. चालतंय की देवाला.'

नवरा हजर नसला की त्याच्या जागी कमरेला सुपारी खोचून पूजेला बसायचं, अशी आमच्यात रीत आहे. फौजेतल्या माणसाच्या बायकोला ती कुणी शिकवावी लागत नाही. सत्यनारायण, वास्तुशांत, मुलींच्या लग्नातले विधी, सगळ्याला मी सुपारीच घेऊन बसलेली. माझ्या तोंडून एकदम निघालं, 'न्हाई लावायची मला. सुपारीबरोबरच संसार केला मी. आज माणूस पायजे.' आणि मी पाटावरून उठून मंडपात खांबाला टेकून बसले. रडू येत होतं, पण त्या उपरण्याला डोळे पुसायचे नव्हते.

तेवढ्यात एक तरुण बाई नारळ आणि फुलं घेऊन आली. मी कधी पाहिलेली नव्हती. ती माझ्याच रिकाम्या पाटावर बसली. गुरवानं विचारायच्या आत तिनं पिशवीतून सुपारी काढली आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाली, 'मावशी, जरा खोचता का? मला मागनं नीट जमत न्हाई. मालक फौजेत हायती, तिकडं वरती बर्फात.'

मी उठले आणि खोचली. तिच्या कमरेला माझा हात लागला तेव्हा ती किती बारीक आहे ते जाणवलं. मीही त्या वयात तशीच होते.

गुरवानं तिच्या ओंजळीत पाणी घातलं. 'कुणासाठी संकल्प?'

'मालकांसाठी न्हाई,' ती म्हणाली. 'त्यांच्यासाठी रोजच मागते. आज दुसऱ्या एका माणसासाठी. माझे सासरे हायवेला गाडीवरनं पडले हुते. लोक मोबाईलवर फोटो काढत हुते. सासरे सांगत्यात, एक मेजर थांबला. सासऱ्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला, आन् डोळं मिटू देईना. सारखा म्हणायचा, आबा, तुमच्या बैलांची नावं सांगा. मोठ्यानं सांगा, मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. आमची माणसं दवाखान्यात पोचली तवा तो निघून गेला. सासरे आता हिंडत्यात, फिरत्यात. त्या माणसाला उदंड आयुष्य मागायचंय.'

'नाव काय त्याचं?' गुरव म्हणाला. 'संकल्पात नाव लागतं.'

'त्येच तर ठावं न्हाई.'

मी खांबाला धरून उभी होते. हायवेवरचा म्हातारा, तो साखरपुडा, शर्टावरचं रक्त, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद वगैरे झाला नाही. अंगाची आग झाली. यांच्या आयुष्यासाठी आजवर मी एकटी पदर पसरत आले. उपास मी केले, अनवाणी मी चालले, टीव्हीसमोर जीव मुठीत धरून मी बसले. लोकांनी यांचा वेळ घेतला, झोप घेतली. माझ्याकडे एवढं एकच उरलं होतं, आणि आता ही काल आलेली मुलगी तेही मागत होती. मी नाव दिलं नाही.

ती ओंजळ धरून तशीच बसली होती. पाणी बोटांच्या फटीतून ठिबकत होतं, आणि ती पाणी सांडू नये म्हणून बोटं आवळत होती, एका अनोळखी माणसासाठी. घरी म्हातारा सासरा, नवरा बर्फात, आणि ही पोरगी माझ्या नवऱ्यासाठी ताटकळत होती. यांच्या मागे मी एकटीच उभी आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मग ही कोण? आणि अशा आणखी किती असतील, कुठल्या कुठल्या गावात, कुठल्या देवापुढे? मला एकदम खूप हलकं वाटलं, आणि लाजही वाटली.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्या दिवशी मी भर देवळात, गाभाऱ्यात घुमेल एवढ्या मोठ्यानं नाव घेतलं. 'संपत. संपत नाव हाय त्याचं.'

गुरव थक्क होऊन बघत राहिला. मग हसला. 'आरं, हे तर आमचं दाजी!'

ती मुलगी पूजा सोडून माझ्या पाया पडायला लागली. मी म्हटलं, 'आधी पाणी सोड ताम्हनात, पळून न्हाई जात मी.' तिचा अभिषेक होईपर्यंत मी तिच्या शेजारीच बसले. जाताना मी तिला तिच्या मालकाचं नाव विचारलं. ती लाजली आणि माझ्या कानात सांगून गेली.

ऊन कलल्यावर हे परतले. रक्त दिल्यामुळे चेहरा उतरलेला. तिकडच्या नर्सनं जबरदस्तीनं बिस्किटं खायला लावली म्हणून उपवास मोडल्याचं अपराधी तोंड केलेलं. सुनीता शुद्धीवर आली होती, मुलगी झाली होती. मी काही न बोलता उपरणं यांच्या खांद्यावर टाकलं आणि आम्ही पाटावर बसलो. गुरवानं यांच्या ओंजळीत पाणी घातलं, मी यांच्या हाताला हात लावला.

'आक्का, काय मागणं?' गुरवानं विचारलं.

मी गोंधळले. इतकी वर्षं माझं मागणं एकच होतं, सुखरूप घरी येऊ दे. तो माणूस तर शेजारी बसला होता. मग मी म्हणाले, 'अमोल सुखरूप घरी येऊ दे.'

यांची मान झटकन वळली. 'अमोल? हा कोण अमोल?'

'हाय एक,' मी म्हणाले.

'एक म्हंजी कोण?'

'पूजेत बोलू नये,' मी म्हणाले. यांच्या कपाळाला आठी पडली ती आरती संपेपर्यंत काही गेली नाही. मीही घाई केली नाही.

माझा मत्सर धुऊन निघाला असं लिहिलं तर नाथ मला हसेल. अजूनही भरल्या ताटावरून हे उठले की मी धुसफुसतेच. पण यांना सांभाळायचं ओझं माझ्या एकटीच्या मुठीत कधी नव्हतंच, हे त्यानं मला दाखवलं, आणि मूठ सैल झाली. त्याचे उपकार कसे फेडू? एवढंच करते, की रोज दिवा लावताना आधी अमोलचं नाव घेते. मोठ्यानं, यांच्या उजव्या कानाला ऐकू जाईल असं.