मामींच्या गाण्याची प्रस्तावना

बेसूर गाणाऱ्यांनी संगीताचं आजवर जेवढं नुकसान केलं असेल, त्याहून जास्त आमच्या चेन्नईच्या घरमालकांनी नुसती माहिती सांगून केलं आहे. ते स्वतः कधी गायले नाहीत, एखादं वाद्य त्यांनी कधी हातात धरलं नाही, आणि टाळी वाजवायची वेळ आली तर तीही कधी तालात पडली नाही. पण संगीतातली कुठली गोष्ट कुठून आली, कोणी आणली आणि आणणाऱ्याला लोकांनी तेव्हा काय काय नावं ठेवली, हे त्यांना तोंडपाठ होतं. समोरचा माणूस गाणं ऐकून सुखात आहे असं दिसलं, की ते त्याला सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

बँकेने माझी नाशिकहून चेन्नईला बदली केली आणि नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत आम्ही नवरा-बायको त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. घरमालक मराठी आहेत हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. ते मराठी निघाले, पण तंजावरचे. मराठ्यांचं राज्य तिकडे होतं तेव्हा गेलेल्या घराण्यांपैकी. त्यांचं मराठी तमिळच्या हेलात चाले आणि त्यात आपल्याकडे कधीच विसरले गेलेले शब्द सुखाने नांदत असत. 'सगळं' म्हणायचं तर ते 'अस्कं' म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "सर, संध्याकाळी कचेरीला येता का?" मी नुकताच कचेरीतून दमून आलो होतो. मी म्हणालो, आज पुन्हा जायचं त्राण नाही. त्यावर ते मनापासून हसले आणि तमिळ लोक गाण्याच्या मैफिलीला कचेरी का म्हणतात ते सांगू लागले. मी चपला हातात घेऊन उभा होतो. चपला खाली ठेवल्या तेव्हा गल्लीतले दिवे लागले होते.

त्या मैफिलीला मी शेवटी गेलो, आणि त्यांच्या शेजारी बसायची चूक केली. व्हायोलिनवाल्याने सूर लावला, लोकांनी डोळे मिटले, आणि हे माझ्या कानात म्हणाले की हे वाद्य गोऱ्यांचं आहे, इथे येऊन दोनेक शतकंच झाली, आपण त्याला मांडी घालून बसायला तेवढं शिकवलं. मृदंग एकटा वाजू लागला तेव्हा त्यांचा मोहरा दुसऱ्या बाजूला वळला. तिथे कपाळभर भस्म लावलेले एक सोवळे वृद्ध मान डोलवत बसले होते. त्यांना आमच्या घरमालकांनी अतिशय आदराने सांगितलं की मृदंगाला गाईचं, म्हशीचं आणि बकरीचं, अशी तिन्ही कातडी लागतात. वृद्ध उठून पुढच्या रांगेत गेले. मध्यंतरात उपाहारगृहात ते तुपाने थबथबलेलं पोंगल खात असताना यांनी त्यांना पुन्हा गाठलं आणि जुन्या व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असत, ही राहिलेली माहिती पुरवली. त्या सभागृहात आम्हाला नंतर दाराजवळच्याच खुर्च्या मिळत गेल्या. हा योगायोग असावा असं घरमालकांचं मत होतं.

त्यांची माहिती खोटी नसे, हीच खरी अडचण होती. खोटी असती तर माणसाने वाद घातला असता. इंग्रजांच्या राजगीताच्या चालीवर इकडे संस्कृतात देवाची स्तुती रचली गेली, हे त्यांनी समोरच्या घरच्या सत्यनारायणाला नेमकं आरतीच्या वेळी सांगितलं. एका मुंजीत बटूचा आवाज गोड आहे असं कुणी म्हणालं, तर युरोपात एके काळी गोड आवाजाच्या मुलांचा आवाज फुटू नये म्हणून त्यांच्यावर काय शस्त्रक्रिया करत, हे त्यांनी बटूच्या आईला समजावून दिलं. ती बाई मुलाला जवळ ओढून बसली. मुंज लागेपर्यंत तिने त्याला सोडलं नाही.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मामी म्हणे, म्हणून आम्हीही. मामी सत्तरीच्या, ठेंगण्या आणि फार कमी बोलणाऱ्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला बोलणं आलंच नसावं. पण सकाळी स्वयंपाकघरात त्या गुणगुणत. माझ्या बायकोने एकदा खिडकीतून कान दिला तर ते गाणं मराठी निघालं. तंजावरच्या बायकांची लग्नातली, पाळण्यातली, सासरी जाणाऱ्या मुलीची गाणी होती ती. मामींच्या आत्याने त्यांना शिकवलेली. आता ती पुरी येणारं दुसरं कोणी आपल्याला ठाऊक नाही, असं मामी एकदा सहज म्हणाल्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. बायको रोज खाली जाऊन ती वहीत उतरवू लागली आणि शेवटी चेन्नईच्या मराठी मंडळाच्या चिटणीसांना तिने गळ घातली. पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मामींची तीन गाणी ठरली. मामी आधी नाही म्हणाल्या, मग लाजल्या, आणि मग महिनाभर त्यांनी दुपारची झोप सोडून गाणी घोकली. प्रस्तावना पाच मिनिटं घरमालकांनी करावी, असं चिटणीसांनी सुचवलं. त्यांचा आणि घरमालकांचा आधी परिचय नव्हता.

त्या सकाळी मामी जांभळी कांजीवरम नेसून मंचावर बसल्या. शेजारी इलेक्ट्रॉनिक तंबोरा सुरू केला होता. घरमालक माईकपाशी गेले आणि म्हणाले की तंजावरच्या मराठी गाण्याकडे येण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मराठी कीर्तनकार तंजावरात आले, त्यांच्यापासून तमिळ कथाकारांनी कीर्तन कसं उचललं, साकी आणि दिंडी ही आपली वृत्तं तमिळ कथेत कशी शिरली, हे ऐकताना मंडळाची छाती फुगली. मग क्लॅरिनेट आलं. मग पॅरिसहून हार्मोनियम निघाली आणि ती भारतात पोचेपर्यंत पंचवीस मिनिटं झाली. चिटणीसांनी चिठ्ठी पाठवली. घरमालकांनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली, "वेळ संपत आली आहे," आणि म्हणाले, "चांगला मुद्दा काढला." मग जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर तीनेक मिनिटांचाच वेळ मिळे, त्यात बिचाऱ्या गायकाला अख्खा राग आटपून शेवटी स्वतःचं नाव ओरडून सांगावं लागे, ही हकीकत त्यांनी दहा मिनिटं सांगितली. इतका वेळ मामींच्या शेजारी तो तंबोरा एका सुरात वाजतच होता. दुपारी त्या सभागृहात लग्न होतं. केळीचे खांब घेऊन माणसं आत आली, बाहेर नादस्वरम् सुरू झालं, तेव्हा घरमालक म्हणाले, "आता आपण प्रत्यक्ष गाणं ऐकू."

मामींनी हात लांब करून तंबोरा बंद केला. श्रोत्यांना नमस्कार केला, जिऱ्याच्या पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि त्या पायऱ्या उतरून खाली आल्या. परतताना टॅक्सीत घरमालक दोनदा म्हणाले की लोक अगदी मन लावून ऐकत होते. फाटकाशी उतरल्यावर मामी म्हणाल्या, "तुमची कचेरी छान झाली."

दुसऱ्या दिवसापासून खालचं स्वयंपाकघर मुकं झालं. भांड्यांचे आवाज येत, मिक्सरचा येई, पण गाणं नाही. घरमालकांच्या ध्यानात ते यायला पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी ते जिना चढून वर आले, पाण्याच्या मोटरीबद्दल काहीतरी विचारलं, खुर्चीवर बसून राहिले, आणि मग माझ्या बायकोला म्हणाले, "ती कुठली गाणी म्हणणार होती?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"रोज कानावर येत होती की. ऐकली नाहीत."

माझी बायको तिखट आहे. एरवी तिने त्यांना सोडलं नसतं. पण त्यांचा चेहरा पाहून ती इतकंच म्हणाली की खाली जाऊन मामींनाच विचारा, आणि विचारल्यावर गप्प बसा.

हे गप्प बसणं त्यांनी कसं साधलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून शेवग्याचा पाला खुडू लागले. तीन आठवडे मामींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. नंतर एके दिवशी दोन ओळी ऐकू आल्या. "ही चाल मूळची..." असं घरमालक म्हणाले मात्र, गाणं थांबलं आणि कढई जोरात आपटली. पुढचे चार दिवस पुन्हा सामसूम. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. काही सुचलंच तर उठून अंगणात जात, तिथल्या पेरूच्या झाडाला सांगून येत आणि पुन्हा उंबऱ्यावर बसत. पेरूच्या झाडाची गोष्ट माझ्या बायकोने रचलेली असेल. मी तिची शहानिशा केलेली नाही.

वर्षभराने मंडळाने मामींना पुन्हा बोलावलं. मामींची अट एकच होती, की नवरा शेवटच्या रांगेत बसेल. त्यांच्या शेजारी माझी नेमणूक झाली. मामींनी पहिलं गाणं म्हटलं, आवाज थोडा कापत होता, मग स्थिरावला. दुसरं गाणं सासरी निघालेल्या मुलीचं होतं. गाण्यातली गाडी कावेरीच्या पुलावर येते तोवर दोन कडवी झाली आणि तिसऱ्यापाशी मामी अडल्या. त्यांनी ओळ पुन्हा घेतली, पुन्हा अडल्या. माझ्या शेजारची खुर्ची करकरली तसा मी सवयीने घरमालकांचा दंड पकडला. त्यांनी माझा हात बाजूला केला, अर्धवट उभे राहिले आणि मागून म्हणाले, "माघारी."

मामींनी वर पाहिलं नाही. 'माघारी' हा शब्द उचलून त्या गाऊ लागल्या आणि कडवं पुरं झालं.

कार्यक्रम संपल्यावर घरमालकांना खुश करावं म्हणून मी मुद्दाम विचारलं की हे गाणं कोणत्या काळातलं, कोणाचं. "ठाऊक नाही, सर," ते म्हणाले. "तिची आत्या म्हणायची. आता ती म्हणते."

पुढे माझी बदली नागपूरला झाली. घरमालकांचा फोन अधूनमधून सकाळी येतो. तब्येत, पाऊस, मोटर एवढं बोलून झालं की त्यांच्याकडे विषय उरत नाही, हे मला चमत्कारिक वाटतं. मग मीच विचारतो, सनई मूळची कुठली हो? क्षणभर त्यांचा जुना आवाज परत येतो, ते इराणपर्यंत जाऊन पोचतातही. मग मध्येच म्हणतात, "थांबा सर, ती सुरू झाली," आणि फोन ठेवून देतात. सनईचं राहूनच जातं. मी बंद फोन थोडा वेळ कानाशी धरून बसतो. मला काहीही ऐकू येत नसतं.